आठ नसलेली माळ

फार पूर्वी, कृतयुगात, ग्रहांना आपापल्या वाटा अजून नेमून दिलेल्या नव्हत्या, तेव्हा नवग्रहांत मोठा कलह माजला. तेजोनिधी सूर्य म्हणे पहिला मान माझा. मंदगती शनी म्हणे, उशिरा पोचतो म्हणून मला कमी का? शेवटी ब्रह्मदेवाने संख्यायन ऋषींना आज्ञा केली, "नवांना अगदी सारखं मिळेल अशी अंकांची माळ करा. नाहीतर हे आकाश सोडून जातील."

ऋषींनी हजार वर्षं घोर तप करून एक ते नऊ असे नऊ तेजस्वी मणी मिळवले. ओवायचं काम अर्थातच पत्नीकडे, प्रमितीकडे आलं. तप ऋषींचं आणि सुईदोरा ऋषिपत्नीचा, हे त्या युगातही ठरलेलंच होतं.

सातपर्यंत सगळं नीट झालं. प्रमितीने आठ उचलला, तेवढ्यात वासराने दावं तोडलं. त्याला पकडून, बांधून, चार शब्द सुनावून ती परतली, नऊ ओवला आणि गाठ मारली.

नवग्रह दारात येऊन उभे राहिले. ऋषींनी माळ उचलली: १२३४५६७९.

"आठ कुठंय?"

प्रमितीने मणी मोजले. "अगंबाई! आठ आठवलाच नाही हो."

"माझं हजार वर्षांचं तप, आणि तुला आठ आठवला नाही?" उजव्या हातात पाणी घेऊन ऋषी गरजले, "हे विस्मरणशीले, जा, तू शून्य हो..."

"थांबा! पाहुणे नऊ आहेत. नवाने गुणून तरी बघा. मग खुशाल शून्य करा."

ऋषींनी डाव्या हाताने वाळूत आकडे मांडले. "नऊ नव्वे एक्क्याऐंशी. एक मांडला, हातचे..." ते अडखळले. "हातचे आठ!"

प्रमितीने आपली घट्ट मूठ उघडली. आठचा मणी तिथेच होता. "हातचाच होता की मेला!"

"नऊ साती त्रेसष्ट आणि हातचे आठ, एकाहत्तर. पुन्हा एक!" ऋषींचा आवाज चढत गेला. दर घरात एक, एक, एक. वाळूत उभं राहिलं १११११११११. नऊ ग्रह, नऊ एक.

"मला दोन हवेत," शनी पुटपुटला.

"मग अठराने गुणा," प्रमिती म्हणाली. गुणलं, तर सगळ्यांनाच दोन-दोन आले.

चौकस बुधाने विचारलं, "आणि मुनिवर, आठ ओवला असता तर?"

"नऊ आठी बाहत्तर आणि हातचे आठ, ऐंशी." ऋषींचा हात थबकला. "शून्य. कुणाच्या तरी वाट्याला शून्य आलं असतं."

ग्रह समाधानाने आपापल्या वाटेला लागले. पण शापाचं पाणी तर भुईवर सांडता येत नाही. ऋषींनी ते मुकाट्याने स्वतःच्याच कपाळाला लावलं. त्याबरोबर प्रमितीच्या हातातला आठ टुणकन उडाला आणि तिथे जाऊन बसला.

तेव्हापासून त्या संख्येत आठ नाही, आणि रागावलेल्या माणसाच्या कपाळावर आठ्या पडतात. ऋषींच्या कपाळावर त्या दिसल्या, की प्रमिती हातातलं काम न सोडता एवढंच म्हणे, "अहो, आधी गुणून बघा."