अठरा दिवस उशिराचा सूर्य

कोकणातल्या एका गावात बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, मोजकी घरं होती. दर अठ्ठावीस वर्षांनी आठ एप्रिलला, सूर्य उगवताना, त्याला घडवणाऱ्या देवाचे सगळ्यांनी जमून आभार मानायचे, ही त्यांची रीत. मागच्या वेळी फ्लोराबाई झिराडकर चाळिशीच्या होत्या. पुढच्या वेळेपर्यंत आपण असू, असं त्यांना वाटत नव्हतं. म्हणून यंदा नगरपालिकेचं मैदान मागायला त्या स्वतःच गेल्या.

नगराध्यक्ष गोगटे म्हणजे खगोलशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सगळ्या सभासदांसमोर ते म्हणाले, "निर्मितीच्या वेळी सूर्य जिथे होता तिथे तो परत येतो, म्हणून ही प्रार्थना ना? अहो, ती जागा म्हणजे वसंतसंपात, तिथे सूर्य एकवीस मार्चलाच आला. तुम्ही अठरा दिवस उशिरा. चुकीच्या गणिताला मी मैदान देणार नाही."

सभासद हसले. फ्लोराबाईंचा आवाज हलला नाही.

"गणित तुमचंच बरोबर आहे. आमच्या पूर्वजांनी वर्ष किंचित लांब धरलं, त्याची ही तफावत. पण सर, सूर्य उत्तरेकडे वळतो कधी?"

"बावीस डिसेंबरला," गोगटे ऐटीत म्हणाले.

"आणि उत्तरायण लागलं म्हणून याच मैदानावर तुम्ही तिळगूळ वाटलात चौदा जानेवारीला. म्हणजे तेवीस दिवस उशिरा. आम्ही तर तुमच्यापेक्षा पाच दिवस आधी पोचतोय."

आता सभासद हसले ते गोगट्यांकडे बघून. गोगट्यांनी बोटांवर हिशेब करून पाहिला, तो काही चुकेना. त्यांनी परवानगीवर सही केली.

आठ एप्रिलला डोंगरामागून सूर्य वर आला, तेव्हा फ्लोराबाई सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या आणि प्रार्थनेत त्यांचाच आवाज सगळ्यांत खणखणीत होता.