ठिंगीच्या डबक्यात पाणी आलं!

एक होती बेडकी. एवढीशी, बोराएवढी. नाव तिचं ठिंगी.

खालच्या गावात, पाटाच्या पार टोकाला, वांग्याच्या वाफ्याशेजारी तिचं डबकं. डबक्यात तिची शेपटीवाली पिल्लं. वळवळ वळवळ!

एके सकाळी बघते तर काय? डबकं आटलं! उरलं ओंजळभर पाणी.

"आई, आमच्या पाठी उघड्या पडल्या!"

"थांबा हं बाळांनो. आत्ता आणते पाणी!"

ठिंगी निघाली. टप्पाक टप्पाक टप्पाक!

"वाफ्या, वाफ्या, पाणी दे!
पिल्लं माझी पोहतील!"

वाफा म्हणाला, "मीच कोरडा! बघ, वांग्यांनी माना टाकल्या. माझ्याकडे पाणी आणणारी चारी देईल, तर मी देईन."

टप्पाक टप्पाक टप्पाक!

"चारी, चारी, पाणी दे!
वाफा देईल डबक्याला,
पिल्लं माझी पोहतील!"

चारी म्हणाली, "माझ्यात नुसती धूळ गं! पाट देईल, तर मी देईन."

टप्पाक टप्पाक टप्पाक!

"पाटा, पाटा, पाणी दे!
चारी देईल वाफ्याला,
वाफा देईल डबक्याला,
पिल्लं माझी पोहतील!"

पाट म्हणाला, "नदीनं दिलं दोन्ही गावांना. पण वरच्या गावात हौसाक्काच्या शेताचं मातीचं दार उघडं! सगळं पाणी तिच्या उसात. ती दार लावील, तर मी देईन."

वर, वर, आणखी वर! टप्पाक टप्पाक टप्पाक!

हौसाक्का बांधावर भाकरी खात होती.

"आक्का, आक्का, दार लाव!
पाट देईल चारीला,
चारी देईल वाफ्याला,
वाफा देईल डबक्याला,
पिल्लं माझी पोहतील!"

हौसाक्का म्हणाली, "ऊस माझा तहानेला गं बाई! तो पुरे म्हणेल, तर मी दार लावीन."

टप्पाक टप्पाक... बुडुक!

अरेच्चा! ठिंगी पडली पाण्यात! उसात पाणीच पाणी!

"उसा, उसा, पुरे म्हण!
आक्का दार लावील,
पाट देईल चारीला,
चारी देईल वाफ्याला,
वाफा देईल डबक्याला,
पिल्लं माझी पोहतील!"

ऊस म्हणाला, "पुरे! पुरे! कालपासून पुरे! मुळं बुडाली माझी. पण मी बोललो, की होतं सळसळ. आक्काला वाटतं, वारा!"

"मग मी ओरडते!"

ठिंगीनं गळा फुगवला. हा एवढा!

"डराँव! डराँव! पुरे! पुरे!"

हौसाक्का धावत आली. पाऊल टाकलं. चपाक! गुडघाभर चिखल!

"अगंबाई! इथं ऊस बुडाला, आणि खाली टिपूस नाही?"

घेतलं फावडं. दारात माती, घप! घप! घप!

"पळ रे पाण्या! आता खालच्या गावाची पाळी!"

पाणी पळालं. ठिंगी पळाली. पाणी पुढे? की ठिंगी पुढे?

आक्कानं दार लावलं, घप!
पाटानं दिलं चारीला, खळखळ!
चारीनं दिलं वाफ्याला, झुळझुळ!
वाफ्यानं दिलं डबक्याला, बुडबुडबुड!

वांग्यांनी माना वर केल्या. पिल्लं सुळ्ळकन सुटली!

"आई, आई, खोल झालं गं!"

पाणी पोचलं टोकाला, गोष्टही पोचली टोकाला!