फुटक्या घागरींचे तोरण

एकदा एका तांबट आळीत एक कागद आला. कोर्टाचा नव्हे, घाबरू नका. प्रगतीचा. तांब्याच्या भांड्यांचा कारखाना चालवणारे शेठ शहरात दोन दिवसांच्या शिबिराला गेले होते. तिथे गार हवेत बसून, दोन वेळा गोड खाऊन त्यांना असे ज्ञान झाले, की प्रत्येक कारागिराने आपल्या उन्नतीचा आराखडा स्वतःच्या हाताने लिहावा. एका वर्षात कुठे पोहोचणार, तीन वर्षांत कुठे, पाच वर्षांत कुठे. शेठ नवी भट्टी काढणार होते आणि तिच्यावर मुख्य कारागीर नेमायचा होता. सोमवारी आराखडे वाचून माणूस ठरवतो, असे त्यांनी जाहीर केले.

आळीत शेठचे काम करणारे तरुण कारागीर सात. सहा जणांनी चहाचा कप संपायच्या आत लिहून टाकले. मुरलीधर मात्र आठवडाभर कागदाला चिकटून बसला. वय सव्वीस, हात चपळ, डोके त्याहून चपळ. आणि संयम म्हणाल, तर तव्यावरची भाकरी फुगायच्या आत तोडून खाणारा माणूस. आठ वर्षे तो एका वृद्ध तांबटाकडे शिकत होता. त्या वृद्धाला सगळी आळी नाना म्हणे. नुकतेच एका मुलीकडचे लोक मुरलीधरला पाहायला आले होते आणि जाताना हळूच विचारून गेले होते, मुलगा अजून दुसऱ्याच्या हाताखालीच आहे का म्हणून. तेव्हापासून त्या भट्टीची जागा मिळवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागेना.

त्याचा आराखडा पाहण्यासारखा झाला. पहिल्या वर्षी मुख्य कारागीर, तिसऱ्या वर्षी व्यवस्थापक, पाचव्या वर्षी स्वतःचा कारखाना. ‘कौशल्यवृद्धी’ या शब्दाखाली दोन रेघा. शनिवारी त्याने तो नानांना वाचून दाखवला. नानांनी अक्षराची तोंड भरून स्तुती केली आणि म्हणाले, “सगळं आहे रे यात. तांबं तेवढं कुठं दिसलं नाही.”

आता तांबटांचा एक जुना नेम सांगतो. घडवताना भांडे चिरले, तर ते दिवेलागणीच्या आत मोडीत घालायचे. फुटके भांडे छपराखाली रात्रभर राहिले तर लक्ष्मी रुसते. फार सोयीचा नेम. लक्ष्मी रुसत नाही, आणि कारागिराचे तोंडही उतरत नाही. सकाळी उठला की तो पुन्हा निष्कलंक.

सोमवारी सकाळी आळी जागी झाली, तो नानांच्या दुकानावर तोरण. आडव्या बांबूला ओळीने फुटक्या घागरी टांगलेल्या, प्रत्येकीवर खडूने तारीख. समोरच्याने विचारले, नाना, लग्न कुणाचे काढले? नाना म्हणाले, जमले तर मुरल्याचेच. घागरी कुणाच्या हे कुणी विचारले नाही. तांबटाचा ठोका त्याच्या सहीसारखा असतो, लांबूनही ओळखू येतो. मोडीत घालायला दिलेल्या या घागरी नानांनी वर्षभर स्वतःच्या खाटेखाली लपवल्या होत्या. लक्ष्मीची समजूत कशी काढली, ते त्यांनाच ठाऊक.

मुरलीधर आला आणि जागच्या जागी पांढराफटक पडला.

“नाना, घटकाभरात शेठ येतील. आजच माझी अब्रू टांगायची होती?”

“अब्रू नाही बाळा, भांडी आहेत. हात लाव त्यांना. एकेक करून.”

त्याने रागारागातच हात लावला. पहिली गळ्याशी चिरलेली. दुसरीही गळ्याशी. तिसऱ्या घागरीपाशी त्याचा राग ओसरला, आणि पाचवीपाशी बोटे सावकाश फिरू लागली. नऊच्या नऊ घागरी गळ्याशीच गेल्या होत्या. ज्या त्या दिवशी त्याच्याकडे कारण तयार असे: आज पत्रा हलका होता, आज कोळसा ओला होता, आज शेठची घाई होती. नऊ कारणे आणि चीर एकच.

“घागरीचं पोट तू माझ्याहून देखणं काढतोस,” नाना म्हणाले. “पण ठोके खाऊन तांबं ताठर होतं. गळा आवळायच्या आधी त्याला पुन्हा विस्तवात घालून मऊ करावं लागतं, आणि नेमका तिथंच तुला दम धरवत नाही. दुसऱ्या दिवशी पत्र्याला शिव्या घालून तू मोकळा. अरे, माणूस जिथं पुन्हा पुन्हा चिरतो, तिथूनच त्याची पुढची वाट निघते. हा आराखडा तूच लिहिलास, वर्षभर. मी नुसता जपून ठेवला.”

 मुरलीधरने शेवटच्या, दहाव्या घागरीकडे बोट दाखवले. हिचा गळा धड होता, पण बुडाला भोक.

“ती माझी,” नाना म्हणाले. “गेल्या महिन्यातली. नजर मंदावली, बुडाची जाडी कळत नाही. आता बोटांनी ओळखायला शिकतोय.”

शेठ आले. मुरलीधरच्या खिशात तो सुरेख कागद होता. त्याने तो काढला, ‘मुख्य कारागीर’ खोडले, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिले: घागरीचा गळा. ठोक्यांच्या प्रत्येक फेरीनंतर विस्तव. दर शनिवारी नानांना दाखवणे. दसऱ्यापर्यंत.

शेठनी कागद उलटसुलट पाहिला. “बाकी सहाही जणांनी मुख्य कारागीर लिहिलंय. तू जागा का खोडलीस?”

“जागा तुम्ही द्यायची, शेठ. गळा मला सुधारायचाय.”

शेठनी तोरणाकडे पाहिले, एका घागरीत बोट घालून चीर चाचपली. शिबिरात हे शिकवले नव्हते. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि म्हणाले, “दसऱ्याच्या आत तशीही भट्टी बांधून होत नाही. तोवर जागा मोकळी ठेवतो.”

दुपारी मुरलीधर नवी घागर घेऊन बसला. पोट झाले, गळा आला. हातोडी वर गेली आणि तिथेच थांबली. त्याने ती खाली ठेवली, घागर विस्तवात घातली आणि तांबे लाल होईपर्यंत स्वस्थ बसून राहिला. नाना भाता ओढू लागले.

असा कागद तुमच्याही टेबलावर येईल. पहिली ओळ लिहिण्याआधी, आपण एकाच जागी किती वेळा चुकलो ते घरच्यांना विचारून घ्या. त्यांना तारखांसह पाठ असते.