न वाजलेल्या काठ्या

पूर्वी गोदेकाठच्या पोतन नगरात सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व चांडाळवस्तीत, टोपल्या विणणाऱ्याच्या घरी जन्माला आले. नाव निंबक. त्या काळी वस्तीतल्या माणसाने नगरात पाऊल टाकले की हातातल्या दोन काठ्या वाजवीत चालायचे, म्हणजे बाकीच्यांना विटाळ टाळून बाजूला होता येई. बायकामाणसे, म्हातारीकोतारी, कोणाचीच सुटका नव्हती.

भद्रसेन नावाच्या मंत्र्याला हे पाहवेना. राजाच्या मागे लागून लागून त्याने ती चाल बंद करवली. माणूस मनाचा चांगला, यात वाद नाही. पण आपल्या चांगुलपणाचे कौतुक व्हावे, एवढी हौस त्याला होतीच. राजा म्हणाला, "पौर्णिमेला वस्तीने वेशीत येऊन मंत्र्याचे आभार मानावेत. नाही मानले, तर काठ्या पुन्हा हातात." भद्रसेन नको म्हणाला नाही. उलट त्याने नवे उपरणे काढून ठेवले.

पौर्णिमेला तो सकाळीच वेशीत पाटावर बसला, डोळे मिटून, कान रस्त्याकडे लावून. काठ्यांचा आवाज काही येईना. ऊन डोक्यावर आले तसे त्याचे माथे भडकले. "एवढे केले, आणि या लोकांना त्याचे काहीच नाही," असे पुटपुटत तो राजाकडे जायला उठला.

मागे वळून बघतो तो काय, बाजार वस्तीतल्या माणसांनी भरलेला. कोणी सुपे विकत होते, कोणी मीठ घेत होते. पाटाला लागूनच निंबक टोपल्या मांडून बसला होता.

"कधी आलात?"

"उजाडताच. तुमच्यासमोरूनच आलो."

"मला ऐकू आले नाही."

"काठ्या तुम्हीच बंद केल्यात ना, स्वामी?"

मंत्री ओशाळला, पण मनातली सल जाईना. "मग माझ्याशी दोन शब्द बोलावेसेही वाटले नाहीत?"

निंबकाने हातातली टोपली खाली ठेवली. "तुमचा जीव आमच्यासाठी तुटला, हे वस्ती विसरायची नाही. पण रस्ता तुमचा असता आणि तो तुम्ही दिला असता, तर मी पाया पडलो असतो. रस्ता आमचाही होताच. अडवला होता, तो सोडलात."

"राजा काठ्या परत देईल. भीती नाही वाटत?"

"वाटते तर. माझी नात अजून झोपेत दचकते. पण काठी टाकलेल्या हातांनी तिने इथे येऊन हात जोडायचे, तर मग काय बदलले? तुम्हाला खरेच आमच्याबरोबर यायचे असेल तर या. पाणवठा आम्हाला अजून बंद आहे."

 भद्रसेन राजाकडे गेला.

"आले का ते?" राजाने विचारले.

"आले, महाराज. आवाज न करता आले. त्यासाठीच तर मी आपल्या मागे लागलो होतो. आभाराची अट माझ्यासाठी होती, आणि मला ती नको."

राजाने अट काढली. मंत्र्याने उपरणे घरी ठेवले आणि तो निंबकासोबत पाणवठ्याकडे निघाला.

पूर्वजन्मीची ही गोष्ट एवढी सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, थांबले. समोर एक भिक्षू रुसून बसला होता. झाडूवाल्यांच्या कुळातल्या आजारी भिक्षूची त्याने सेवा केली होती, आणि त्या आजाऱ्याने साधे आभारही मानले नव्हते. शास्ता त्याला म्हणाले, "तेव्हाचा भद्रसेन तो तूच, आणि निंबक मी होतो. उपकार मोजून घेत नाही, बरोबर चालते, तीच मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."

भिक्षू उठला आणि आजाऱ्यासाठी पाणी आणायला गेला.