तीन कुलपांचा खजिना

समुद्रापलीकडे, जिथे सहा-सहा महिने बर्फ हलत नाही, तिथे एक राजा होता. नाव हाल्वार. हसू नका रे, तिकडे अशीच नावं असतात. तुमची ऐकली तर तेही हसतील.

तर ह्या राजाच्या गावोगावी गढ्या होत्या, आणि गढीगढीत थोडं थोडं सोनं. राजा जाईल तिथे गाड्यांवर पेटारे लादून न्यायचा. एक चिखलात रुतायचा, दुसरा नदीत पडायचा, तिसऱ्याचं तर नावच काढू नका. मग राजा म्हणाला, पुरे झालं, आता सगळ्या राज्याचा खजिना एकाच जागी ठेवायचा. डोंगर फोडून खोली केली. तिला लोखंडी दार, दाराला तीन कुलपं, आणि तीन चाव्या तीन माणसांकडे. एक कारभारी एस्किल, एक सेनापती टोर्बेन, आणि एक मठातले म्हातारे आन्सगारबाबा. तिघं मिळून आले तरच दार उघडायचं, बरं का.

कुलपं केली होती एका म्हाताऱ्या लोहारानं. जाताना तो राजाला सांगून गेला, की ही नुसती लोखंडाची नाहीत. तिघांचा एकमेकांवर भरवसा आहे तोवरच उघडतील. राजानं मान डोलावली आणि विसरून गेला.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एकदा काय झालं, दार उघडून तिघं उंबऱ्याशी उभे होते आणि खो खो हसत होते. बाबांनीच काहीतरी गंमत सांगितली असणार. पण राजाला भलतीच शंका आली. हे तिघं असे एक झाले तर खजिना गेलाच की! मग मेल्यानं काय केलं, एकेकाला बाजूला घेऊन कान भरले. एस्किलला म्हणाला टोर्बेन चोर आहे. टोर्बेनला म्हणाला बाबा चोर आहेत. आणि बाबांना म्हणाला एस्किल चोर. तिघांचे चेहरे पडले. त्यांनी दार लावलं, कुलपं घातली, आणि एकमेकांकडे न बघता तीन वाटांनी आपापल्या गावी निघून गेले.

आणि आत राहिली इंगा.

इंगा म्हणजे राजाची एकुलती लेक. तुझ्याएवढी गं, शलाका, आणि तुझ्यासारखीच, एका जागी बसेल तर शपथ. बापाची कुजबुज चालली होती तेवढ्यात ती मांजरामागे आत शिरली. मांजर बाहेर आलं. ती नाही आली.

जेवायच्या वेळी शोधाशोध झाली. मग दारामागून बारीक आवाज आला, आणि राजाच्या तोंडचं पाणी पळालं. तीन दिशांना तीन घोडेस्वार पळाले. राजा स्वतः दाराशी फरशीवर बसला. एका कुलपाच्या भोकातून गव्हाची लांब काडी घालून तिला दूध पाजायचा. दुसऱ्यातून गोष्ट सांगायचा. तिसऱ्याला तोंड लावून हळूहळू गरम फुंकर घालायचा, पोरीची बोटं गारठली होती म्हणून.

इंगा आतून म्हणाली, "बाबा, इथलं सगळं गार आहे."

दुसऱ्या दिवशी तिघं आले. पण आले तेच फुगून, लांब लांब उभे राहिले. चाव्या घातल्या, फिरेनात. बदकाची चरबी लावली, तरी फिरेनात. टोर्बेननं हातोडा घातला, तर हातोड्याचाच दांडा मोडला. आणि आता आतून इंगाचा आवाजही येईना. राजानं हाक मारली, परत मारली. काही नाही.

तेव्हा कुठे त्याला लोहाराचं बोलणं आठवलं. खरं बोलायला किती जड गेलं असेल त्याला, सगळ्यांदेखत! पण लेक आत होती. राजा उठला आणि म्हणाला, "तुमच्यात चोर कुणी नाही. मी तिघांशी खोटं बोललो. मला भीती वाटली, म्हणून."

मग आन्सगारबाबांनी काय करावं? एस्किलचे हात थंडीनं थरथरत होते, ते आपल्या हातात घेऊन चोळले. टोर्बेननं आपला लोकरी कोट काढून बाबांच्या अंगावर टाकला. आणि मग तिघांनी चाव्या धरल्या. कट्, कट्, कट्. दार उघडलं.

आत बघतात तर सोनं जमिनीवर विखुरलेलं, आणि इंगाबाई रिकाम्या पोत्यात शिरून गाढ झोपलेल्या! सगळ्या खजिन्यात ऊब कसली, तर पोत्याची. राजानं तिला पोत्यासकट उचललं आणि ढसाढसा रडला.

खजिना तिथेच राहिला. पण त्या दिवसापासून नियम झाला. दार उघडायच्या आधी तिघांनी उंबऱ्यावर बसायचं, एका भांड्यातली गरम पेज प्यायची, आणि बाबांची गंमत ऐकून हसायचं. राजाला हसू ऐकू आलं की तो म्हणायचा, चला, खजिना शाबूत आहे. आणि खुशाल झोपायचा.

इंगा बापाच्या कुशीत झोपली. शलाका, तू माझ्या कुशीत ये. आणि विसू, पाय आत घे रे, गोधडी सगळ्यांची आहे.