एका झऱ्याची तीन डबकी

त्या प्रदेशात झरा एकच होता आणि न्यायाच्या रीती तीन.

झऱ्याभोवती जांभूळ, उंबर आणि चिंच अशी झाडे होती. प्रत्येक झाडावर खारींचे एक घराणे राहत असे आणि बुंध्याशी त्या घराण्याचे डबके असे. डबकी वेगळी दिसत, पण तिन्हींत झऱ्याचेच पाणी झिरपे. घराणीही मुळात एकाच पणजीची. "जो खाली पडेल त्याला वर घ्या," एवढे एक वाक्य पणजी मागे ठेवून गेली होती. ते कसे पाळायचे यावरून तीन झाडे झाली.

जांभळीवरच्या खारी जोडीजोडीने समोरासमोर बसून वाद घालत. हरलेल्या बाजूचे म्हणणेही त्या टाकत नसत. पुढे कधी लागेल म्हणून पिलांकडून पाठ करून घेत. उंबरावरच्या खारी छातीवर पंजा ठेवून आधी आत माया आहे का ते पाहत. ती नसेल तर केलेले चांगले कामही त्यांना पोकळ वाटे. चिंचेवरच्या खारी काही प्रसंग आला की तशा वेळी पणजी कशी वागली होती ते आठवत, समोरची गोष्ट तिच्याशी ताडून बघत, करणारीचा हेतू विचारत आणि जाणत्यांचे एकमत झाले की उठत. तिन्ही रीतींतून चांगलेच निघे.

झऱ्याच्या तोंडाशी चिखल होता. ज्या झाडाचे दिवस असतील त्याची फळे त्यात पडत. मग खारी एकमेकींच्या शेपट्या दातांत धरून साखळी करत. एका घराण्याची साखळी मधोमध पोहोचत नसे, म्हणून तिन्ही घराणी जोडली जात. फळे काढताना कोणी कोणाला कारण विचारत नसे. शेपट्या बरबटत, मिशांना चिखल लागे आणि सगळ्याजणी हसत.

एका सकाळी टिटवीचे पिल्लू त्या चिखलात रुतले. टिटवी वर घिरट्या घालत ओरडू लागली.

"अगं बायांनो, या ना! पोटापर्यंत गेलंय ते!"

"हिचं ओरडणं म्हणजे अपशकुनच," एक तरुण खार पुटपुटली. पण थोरल्या आपापल्या झाडावर निवाड्याला बसल्या.

जांभळीवर वाद रंगला. पिल्लू पडले की स्वतःच चालत गेले? चालत गेले असेल तर ते 'पडणे' ठरेल का? बरीच बोलाचाली झाल्यावर ठरले, की जीव जात असेल तर बाकी सगळे नियम बाजूला. उंबरावर सगळ्यांनी डोळे मिटले. ते पिल्लू आपलेच आहे असे वाटून कितीकांना रडू आले. चिंचेवर एकीला आठवले, की पणजीने एकदा पाण्यातून भुंगा काढला होता. भुंग्यासाठी जे केले ते पिलासाठी करायलाच हवे, यावर सगळ्यांनी माना हलवल्या.

तिन्ही झाडांवरून निकाल आला: वर घ्या.

भुरी नावाची एक लंगडी म्हातारी खार खाली उतरली. "तिघींचं एकच ठरलं ना? मग धरा शेपट्या. मी पुढे होते."

"थांब भुरीमावशी," जांभळीची थोरली म्हणाली. "उंबराच्या बायकांनी विचार कुठे केलाय? नुसत्या रडल्या. त्यांची शेपटी धरायची म्हणजे त्यांचं रडणं मान्य करायचं."

"आणि तुम्ही शब्द चघळत बसलात," उंबराची थोरली फणकारली. "तुमच्यात माया कुठाय?"

"दोघीही पणजीला विसरलात," चिंचेची थोरली म्हणाली. "चुकीच्या वाटेनं आलेलं बरोबर उत्तर आम्ही कसं दातांत धरावं?"

"अगं, गळ्यापर्यंत आलं!" टिटवी ओरडली.

"बाई, तुझ्याच पिलाचं चाललंय," तिघी एकदम म्हणाल्या. एकदम बोललो म्हणून तिघींनाही राग आला.

भुरी एकटीच चिखलात शिरली. छातीपर्यंत गेली आणि तिच्या शेपटीला धरायला मागे कोणी नव्हते. ती कशीबशी परत फिरली. तिच्या अंगाचा वास येतो म्हणून तिन्ही झाडांवरच्या खारी दोन फांद्या वर सरकल्या.

टिटवीचे ओरडणे थांबले तेव्हा चिखल सपाट झाला होता.

पुढे प्रत्येक झाडावर त्या दिवसाच्या निकालाची कौतुके झाली. आपण किती नेमके, किती मायेने, किती रीतीने ठरवले, हे पिलांना शिकवले गेले. पिलांनी ते पाठ म्हणून दाखवले, तेव्हा थोरल्यांचे डोळे भरून आले. भुरी मात्र कुठल्याच झाडावर परत गेली नाही. ती टिटवीजवळ, झऱ्याच्या तोंडाशी बसून राहिली. दोघी झऱ्याचे पाणी पीत नसत, पानांवरचे दव चाटत.

मग पाण्याला वास येऊ लागला. आधी आंबूस, मग गोडसर, मग असा की घोट घशातच अडकावा. पाण्यावर तेलासारखा तवंग आला. जांभळीच्या खारी म्हणाल्या, घाण उंबराकडून येते. उंबराच्या म्हणाल्या, चिंचेकडून. चिंचेच्या खारींनी तर पहिल्यापासूनच ओळखले होते, की जांभळीचे पाणी नासके.

एका सकाळी तिन्ही थोरल्या आपापल्या डबक्याशी आल्या. तिन्ही डबक्यांत करड्या रंगाचे एकेक मऊ पीस तरंगत होते. प्रत्येकीने ते पंजाने अलगद उचलले, शेजारणीच्या डबक्याकडे भिरकावले, शेपटीने नाक झाकले आणि खाली वाकून ती पाणी प्यायली.