घैसाससरांची गांधीलमाशी

विभागप्रमुख डॉ. घैसासांच्या सहीशिवाय विभागातून एकही शोधनिबंध बाहेर पडत नसे. त्यांची विद्यार्थिनी मैथिली बांदेकर हिने कित्येक पावसाळे आंबोलीच्या जंगलात चिखल तुडवून एक नवी गांधीलमाशी शोधली होती. निबंध टेबलावर होता, पेन सरांच्या हातात होतं, पण सही काही होत नव्हती.

"लेखक म्हणून फक्त माझं नाव घाल," न वाचताच सर म्हणाले, "आणि माशीलाही माझंच नाव दे. नाहीतर पीएच.डी. विसर."

मैथिली शांतपणे म्हणाली, "सर, नव्या जीवाला नाव देणाऱ्याने, म्हणजे निबंधाच्या लेखकाने, स्वतःचंच नाव देऊ नये, अशी शास्त्रज्ञांत रीत आहे. जगभर हसं होईल. एक तर लेखक व्हा, नाहीतर माशीला तुमचं नाव लागू द्या."

सरांनी विचार केला. निबंध विसरले जातात, जीवाचं नाव कायम राहतं. त्यांनी लेखक म्हणून मैथिलीला राहू दिलं, माशीचं 'घैसासी' हे नाव मंजूर केलं आणि झोकात सही ठोकली.

"बरं, ही माशी करते तरी काय?"

मैथिलीने आधी कागद पिशवीत घातले.

"स्वतः काही बांधत नाही, सर. दुसरीने राबून बांधलेल्या आयत्या घरट्यात अंडी घालते."